माझे एक वाक्य कॉकपिटमध्ये पोहोचते तेव्हा

हवाई वाहतूक नियंत्रकाची वैमानिकांशी ओळख असते ती केवळ आवाजाची. रडारच्या पडद्यावर एक खूण सरकत असते, तिच्याशेजारी विमानाचे नाव, उंची आणि वेग उमटलेला असतो, आणि हेडसेटमध्ये कोणीतरी माझेच वाक्य मला परत म्हणून दाखवत असते. त्या परत आलेल्या वाक्यात आकडा चुकलेला नाही ना एवढे पाहायचे आणि पुढच्या विमानाकडे वळायचे, हे आमचे रोजचे काम. माझे वाक्य संपल्यापासून ते परत ऐकू येईपर्यंत दोन-तीन सेकंद जातात. तेवढ्या वेळात पलीकडे काय चालते हे प्रशिक्षणात शिकलो होतो, सिम्युलेटरमध्ये थोडेफार पाहिलेही होते. पण प्रवासी घेऊन निघालेल्या विमानात वैमानिकांच्या पाठीमागे बसून ते पाहण्याचा योग पावसाळ्यातल्या एका मुंबई-नागपूर-मुंबई फेरीत आला.

पूर्वी उड्डाण चालू असताना लहान मुलांना कॉकपिट दाखवायला नेत असत. ११ सप्टेंबर २००१ नंतर ते बंद झाले. आता मध्ये गोळीलाही दाद न देणारे दार असते, बाहेर कोण उभे आहे हे दाखवणारा कॅमेरा असतो, आणि आत बसण्याची मुभा नियमांत बसणाऱ्या मोजक्या लोकांनाच मिळते. विमानातले काम समजावे म्हणून नियंत्रकांना रीतसर परवानगी काढून असा प्रवास करता येतो. एअरबस ए-३२० च्या कॉकपिटमध्ये दोन वैमानिकांच्या मागे एक घडीची खुर्ची असते. ती ऐसपैस मुळीच नाही. गुडघे कुठे ठेवायचे हा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही. कॅप्टनांनी मला ऑक्सिजनचा मुखवटा कसा ओढायचा ते दाखवले, प्रसंग आलाच तर बाजूची खिडकी सरकवून दोरीने खाली कसे उतरायचे ते सांगितले, आणि शेवटी म्हणाले, "दहा हजार फुटांच्या खाली गप्पा नाहीत. पण काही विपरीत दिसलं, तर तेव्हाच बोला. संकोच करू नका." त्या वाक्याचे दोन भाग एकमेकांच्या विरुद्ध आहेत असे मला क्षणभर वाटले. पुढे दिवसभर जे पाहिले, त्यात ते दोन्ही भाग बरोबरीने चालताना दिसले.

पहाटेचे उड्डाण होते. विमान जागचे हलायच्या आधी जेवढे काम होते, तेवढे नंतर आकाशात होत नाही, असे माझे मत झाले. फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, एक तरुणी होती आणि जाताना विमान तिने चालवायचे असे ठरले होते. आधुनिक कॉकपिटमध्ये कामाची खरी वाटणी कॅप्टन आणि सहवैमानिक अशी नसते. एक जण विमान चालवतो आणि दुसरा त्याच्यावर लक्ष ठेवतो, रेडिओवर बोलतो, तपासणीच्या याद्या वाचतो. ही भूमिका फेरीगणिक बदलते. हुद्दा मात्र बदलत नाही, आणि पुढची सगळी मेख तिथेच आहे. तिने मार्ग संगणकात भरला, मग कॅप्टनांनी तोच मार्ग कागदावरच्या आराखड्याशी बिंदूगणिक ताडून पाहिला. प्रवासी आणि सामानाच्या वजनाचा तक्ता आला, त्यावरून उड्डाणाचे वेग निघाले. ते आकडे दोघांनी वेगवेगळे काढले आणि नंतर एकमेकांना वाचून दाखवले. एकाने काढून दुसऱ्याने नुसते "बरोबर" म्हणायचे, असे त्यांच्यात चालत नाही. मग तिने थोडक्यात सांगितले की धावपट्टी २७ वरून निघताना इंजिन बंद पडले तर काय करायचे, कोणत्या वेगाआधी थांबायचे, कोणत्या वेगानंतर थांबायचे नाही. हे दोघांनाही तोंडपाठ असते. तरीही रोज, प्रत्येक उड्डाणापूर्वी, ते मोठ्याने बोलले जाते.

धावपट्टीवर विमानाने वेग घेतला तेव्हाची एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही. विमान ती चालवत होती, तिचा उजवा हात साइडस्टिकवर, म्हणजे विमान वळवण्याच्या छोट्या दांडीवर, होता. पण इंजिनांच्या दांड्यांवरचा हात कॅप्टनांचा होता. शक्ती लावून झाली की दांड्यांवर कॅप्टनांचाच हात जातो, मग विमान कोणीही चालवत असो, कारण उड्डाण सोडून द्यायचा निर्णय त्यांचा. "वन हंड्रेड नॉट्स," म्हणजे वेग ताशी शंभर सागरी मैल, ते म्हणाले. "चेक्ड," ती म्हणाली. काही क्षणांनी यंत्राने "व्ही वन" असे उच्चारले आणि त्याच क्षणी कॅप्टनांनी दांड्यांवरचा हात उचलून मांडीवर घेतला. आता थांबायचे नाही, हे त्यांनी जणू स्वतःच्या हातालाच बजावले होते. त्या वेगानंतर उरलेल्या धावपट्टीत विमान थांबेलच असे नाही; अशा वेळी हात दांड्यांवर राहिला तर दचकून तो मागे ओढला जाण्याची शक्यता राहते. टॉवरच्या काचेतून हे असले काही दिसत नाही.

जुहूचा किनारा मागे पडला की समोर समुद्र, आणि पहाटेच्या अंधारात समुद्र व आकाश यांच्यातली रेघ दिसतच नाही. विमान सरळ आहे की कलले आहे हे शरीराला कळत नाही. उपकरणाच्या पडद्यावरचे निळे-तपकिरी चित्र सांगेल तेच खरे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे 'एम्परर अशोक' हे बोइंग ७४७ दुबईला जाण्यासाठी याच शहरातून उडाले आणि दोन मिनिटेही पुरी होण्याआधी वांद्र्यापलीकडे समुद्रात कोसळले. विमानातले सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले. कॅप्टनसमोरचे, विमानाचा कल दाखवणारे उपकरण बिघडले होते. ते उजवीकडे कललेले दाखवत राहिले, म्हणून त्यांनी विमान डावीकडे वळवत नेले. त्या उपकरणावर विसंबू नका, असे फ्लाइट इंजिनिअरने बजावल्याचे ध्वनिमुद्रणात आहे, पण तेव्हा सावरण्याइतकी उंची उरली नव्हती. आज दोघांसमोर वेगवेगळी चित्रे असतात, मध्ये तिसरे राखीव उपकरण असते, आणि दोन चित्रांत फरक पडला तर पडद्यावर तशी सूचना उमटते. तरीही चढाईत कॅप्टनांची नजर स्वतःच्या पडद्यावरून तिच्या पडद्याकडे, तिथून राखीव उपकरणाकडे, अशी फिरत होती.

आता माझ्या वाक्याविषयी. आमच्या खोलीतून कोणी "अमुक लेव्हलपर्यंत चढा" असे म्हणाले की कॉकपिटमध्ये पुढील गोष्टी घडतात. विमान न चालवणारा वैमानिक आदेश रेडिओवर परत म्हणतो. चालवणारा त्याच वेळी समोरच्या पट्टीवरची उंचीची कळ फिरवून तो आकडा लावतो आणि ती कळ आत दाबतो किंवा बाहेर ओढतो. दाबली तर विमान संगणकातल्या मार्गाचे बंधन पाळत चढते, ओढली तर थेट चढते. एवढ्याने काम संपत नाही. कळीवर आकडा लागला म्हणजे विमानाला तो समजला असे ते धरून चालत नाहीत. मुख्य पडद्यावर तो आकडा निळ्या रंगात उमटला का ते पाहून चालवणारा "ब्लू" असे मोठ्याने म्हणतो, पडद्याच्या माथ्यावर आलेली स्वयंचलित यंत्रणेची नवी स्थिती वाचतो, आणि दुसरा स्वतःच्या पडद्यावर तेच पाहून "चेक्ड" म्हणतो. म्हणजे माझे एक वाक्य तिथे एकदा रेडिओवर, एकदा बोटांनी, एकदा डोळ्यांनी आणि दोनदा तोंडाने, असे पाच वेळा तपासून घेतले जाते. मी एका दमात दिशा, उंची आणि वेग असे तीन आकडे दिले, तर हे सगळे तीनदा.

हा अट्टहास कशासाठी, असे वाटू शकेल. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून बंगळुरूला गेलेले इंडियन एअरलाइन्सचे ए-३२० धावपट्टीच्या अलीकडेच कोसळले आणि १४६ पैकी ९२ जण दगावले. विमानात कोणताही बिघाड नव्हता. ते ज्या स्थितीत उतरत होते, तिच्यात इंजिने किमान शक्तीवर राहतात आणि वेग टिकवण्यासाठी विमान नाक खाली करत जाते. वैमानिकांच्या अपेक्षेत आणि यंत्राच्या स्थितीत अंतर पडले, वेग घसरत गेला, आणि ध्यानात येईपर्यंत उशीर झाला. विमान तेव्हा नवे होते आणि त्याची भाषाही नवी होती. पडद्याच्या माथ्यावरची ती चार अक्षरे आज मोठ्याने वाचली जातात, त्यामागे असा इतिहास आहे. मला स्वतःला असे वाटते की स्वयंचलित यंत्रणेमुळे वैमानिकाचे काम सोपे झाले, हे लोकांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. हातांचे काम कमी झाले आणि शंका घेण्याचे काम वाढले.

दहा हजार फूट ओलांडले आणि कॉकपिट एकदम सैल झाले. पट्टे ढिले झाले, चहा आला, ड्यूटीच्या वेळापत्रकाविषयी सगळीकडचे कर्मचारी जे बोलतात तेच बोलणे झाले. या दहा हजार फुटांचा नियम अमेरिकेतून आला. १९७४ मध्ये शार्लट येथे उतरण्याच्या तयारीत असलेल्या विमानाचे वैमानिक राजकारणापासून जुन्या मोटारींपर्यंत गप्पा मारत राहिले आणि विमान धावपट्टीपूर्वीच जमिनीला धडकले. १९८१ मध्ये तिथे नियम झाला आणि नंतर जगभर ती रीत पडली. वरच्या शांत पट्ट्यात पाहण्यासारखे फारसे काही नव्हते. ठरावीक अंतराने ती इंधनाचा आकडा कागदावरच्या अपेक्षित आकड्याशी जुळवून लिहून ठेवी, दुसऱ्या रेडिओवर आणीबाणीची १२१.५ ही वारंवारता ऐकू येत राही, आणि खाली ढगांच्या फटीतून मराठवाडा की विदर्भ असा काहीतरी हिरवा तुकडा दिसे. नागपूरला तिने विमान सफाईने उतरवले.

परतीच्या फेरीत विमान कॅप्टनांनी चालवायचे आणि तिने लक्ष ठेवायचे असे होते, आणि मुंबईत पाऊस लागला होता. तिच्या बोलण्यात 'सर' वारंवार येई. आपल्याकडे हे ओघानेच येते. वयाने, अनुभवाने आणि पगाराने मोठ्या माणसाला घराघरांतून आणि कचेऱ्यांतून जो मान दिला जातो, तो विमानाच्या दाराबाहेर ठेवून कोणी आत येत नाही. २२ मे २०१० रोजी मंगळुरूला एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान धावपट्टीच्या टोकापलीकडच्या दरीत गेले आणि १५८ जणांचा जीव गेला. कॅप्टन उड्डाणाचा बराच वेळ झोपले होते आणि जागे झाल्यावर विमान नको तितक्या उंचीवरून, वेगाने खाली आणत होते. ही उतराई सोडून पुन्हा वर चला, असे सहवैमानिकाने तीनदा सांगितल्याचे चौकशीत निष्पन्न झाले. त्याला दिसत होते, त्याने सांगितलेही. विमान हातात घेण्याची पायरी मात्र तो चढला नाही. त्या चौकशीचा अहवाल वाचल्यापासून 'सर' हा शब्द कॉकपिटमध्ये ऐकला की माझे कान टवकारतात. म्हणून परतीच्या वाटेवर माझे लक्ष कॅप्टनांच्या हातांपेक्षा तिच्या तोंडाकडे अधिक होते.

मुंबईपासून बऱ्याच अंतरावर हवामान रडारवर हिरव्या-पिवळ्या डागांत लाल ठिपके दिसू लागले. कॅप्टनांनी अँटेनाचा कोन वर-खाली करून ढग किती उंच आहेत ते पाहिले आणि डावीकडे वळसा घेण्याची परवानगी मागायला सांगितले. ती मिळाली. पाठोपाठ माझ्या सहकाऱ्याचा ओळखीचा आवाज आला की घिरट्या घाला, वीस मिनिटांचा विलंब अपेक्षित आहे. आमच्या खोलीत वीस मिनिटे हा रांगेतला एक क्रमांक असतो. कॉकपिटमध्ये ती लगेच किलोंत बदलली. अशा विमानाला मिनिटाला सुमारे ४० किलो इंधन लागते; म्हणजे ८०० किलो. मुंबईला उतरता आले नाही तर अहमदाबादपर्यंत जाण्याचे इंधन, तिथे पोहोचल्यावर आणखी अर्धा तास हवेत राहण्याइतका साठा, हे वजा करून हाती काय उरते ते तिने कागदावर मांडले आणि शेवटी एक वेळ लिहून तिच्याखाली रेघ ओढली. "सर, या वेळेनंतर थांबायचं नाही, अहमदाबाद," ती म्हणाली. कॅप्टनांनी स्वतः बेरीज-वजाबाकी करून पाहिली आणि मान डोलावली. निर्णय घ्यायची वेळ येण्याआधीच निर्णय घेऊन ठेवला होता. त्यामुळे नंतरच्या घिरट्यांत दोघांच्याही चेहऱ्यावर घाई दिसली नाही.

त्या वेळेच्या बऱ्याच आधी बोलावणे आले. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी खऱ्या अर्थाने एकच चालते. तिच्यावर गर्दीच्या तासाला ४० हून अधिक विमाने उतरवायची आणि उडवायची असतात. म्हणून आम्ही उतरणाऱ्या विमानांना सांगतो की धावपट्टीपासून चार मैल उरेपर्यंत १६० नॉट्सचा वेग ठेवा. सगळी एकाच वेगाने आली की त्यांच्यातली अंतरे राखता येतात. हे वाक्य मुंबईत दिवसाकाठी किती वेळा उच्चारले जात असेल याची गणती नाही. त्या दिवशी ते मी पहिल्यांदा दुसऱ्या टोकाला बसून ऐकले.

चार मैलांवर विमान साधारण तेराशे फुटांवर असते. विमान कंपन्यांचा नियम असा की ढगांतून येताना हजार फुटांवर ते पूर्ण स्थिर हवे: चाके बाहेर, कमी वेगातही विमान तोलून धरणाऱ्या पंखांच्या झडपा, म्हणजे फ्लॅप, पूर्ण उघडलेले, वेग उतरण्याचा, याद्या वाचून झालेल्या, नाहीतर उतराई सोडून वर जायचे. तेराशे आणि हजार यांच्यात एक मैल येतो आणि तो वीस-पंचवीस सेकंदांत सरतो. तेवढ्यात १६० वरून १३५-१४० च्या आसपास यायचे. कॅप्टनांनी चाके आधीच बाहेर काढून ठेवली होती. चार मैलांचा आकडा दिसताच ते म्हणाले, "फ्लॅप्स थ्री," तिने वेग पाहून खटका सरकवला, "फ्लॅप्स फुल," पुन्हा तेच, शेवटची यादी, आणि काचेवर पावसाचा असा मारा की वायपरांच्या खडखडाटात हेडसेट नसता तर काही ऐकू आले नसते. ऐन त्याच वेळी आमच्या टॉवरने वाऱ्याची नवी माहिती दिली. ती माहिती हवीच असते, पण यादीतली ओळ मध्येच तुटली, तिने रेडिओवर उत्तर दिले आणि यादी त्या ओळीपासून पुन्हा वाचली.

हजार फुटांना "स्टेबल" म्हणून झाले. सातशेच्या सुमारास वाऱ्याच्या झोताने वेग दहा नॉट्सहून अधिक वर गेला. "स्पीड," ती म्हणाली. पुढे 'सर' नव्हते, आवाज चढलेला नव्हता, दबलेलाही नव्हता. "चेक्ड," कॅप्टन म्हणाले, आणि वेग जागेवर आला. अनुभवी माणसाला तो वेग तिच्या आधीच दिसला असणार यात मला शंका नाही. तरीही तिने बोलणे आणि त्यांनी उत्तर देणे, यात कोणालाही काही वावगे वाटले नाही, आणि माझ्या मते अख्ख्या फेरीतला सर्वांत कसबी क्षण तो होता. यंत्राने "हंड्रेड अबव्ह" म्हटले, राखाडी पडद्याआडून दिव्यांची रांग उगवली, "मिनिमम" (दिवे दिसले नाहीत तर जिथून वर जायचे ती उंची) ऐकू आल्यावर कॅप्टन "लँडिंग" एवढेच म्हणाले. चाके टेकली, पंखांवरच्या वेग मारणाऱ्या फळ्या, म्हणजे स्पॉयलर, उभ्या राहिल्या, आणि ते सगळे तिने एकेक करून वाचून दाखवले. वेग कमी होत असताना टॉवरने पुढची वारंवारता दिली. तिने ती लगेच घेतली नाही. विमान धावपट्टीबाहेर वळल्यावर मग उत्तर दिले. आमच्या खोलीत अशा विलंबाला 'झोपलेत का' असे म्हणायची पद्धत आहे.

पार्किंगमध्ये इंजिने बंद झाली, प्रवासी उतरू लागले, तेव्हा कॅप्टनांनी मागे वळून विचारले, "चार मैलांपर्यंत एकशेसाठ का मागता तुम्ही? सहा मैलांवर सोडलंत तर काय बिघडतं?" मी त्यांना रांगेचे गणित सांगितले: एका विमानाने सहा मैलांवर वेग सोडला की मागचे त्याच्यावर चढू लागते, अंतर मिटते, आणि शेवटी मागच्यालाच उतराई सोडावी लागते, दोघांच्या मध्ये एखाद्या विमानाला उड्डाण करू द्यायचे असेल तर एवढीही मोकळीक उरत नाही. त्यांनी ते ऐकून घेतले, पुस्तिकेच्या पाठकोऱ्या पानावर अंतरे मांडून पाहिली आणि म्हणाले, "पटलं. मग एवढंच करा, पंधरा मैलांवर असतानाच सांगून टाका. चाकं काढून तयार बसू. आठ मैलांवर सांगता, तेव्हा आम्ही तुमचं ऐकायचं की यादी वाचायची?" फर्स्ट ऑफिसर टेक लॉग, म्हणजे विमानाच्या तांत्रिक नोंदींची वही, भरत होती. मान वर न करता ती हिंदीत म्हणाली, "और सर, विंड भी थोड़ा पहले।"

मी आता ते आधी सांगतो. शक्य असते तेव्हा. गर्दीच्या तासाला नेहमीच जमते असे नाही.